आजीची गोधडी आणि पाखरांची पिसे



दिवाळी संपते, दिवस लहान होऊ लागतो आणि एका संध्याकाळी आई किंवा आजी माळ्यावरची गाठोडी खाली काढते. त्यातून गोधड्या निघतात. कुठे त्यांना वाकळ म्हणतात, कुठे कापूस भरलेली दुलई असते, तर पाळण्यातल्या बाळासाठी दुपटे असते. दिवसभर त्यांना ऊन दाखवले जाते आणि रात्री आपण त्यांच्यात गुरफटून झोपतो.

त्याच रात्री परसातल्या डाळिंबावर किंवा कण्हेरीवर एखादी चिमणी झोपलेली असते. तिच्याजवळ गोधडी नाही, शेकोटी नाही, डोक्यावर छप्परही नाही. वजन अवघे २५ ते ३० ग्रॅम. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. द्राक्षांचे घड वाचवण्यासाठी शेतकरी तिथे पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशा पहाटेतून ही चिमणी सुखरूप उठते आणि चिवचिव करीत दाणे टिपू लागते. ते कसे?

या प्रश्नाचे उत्तर आजीच्या गोधडीत दडलेले आहे. तेव्हा आधी गोधडीपासून सुरुवात करू आणि मग परसात जाऊ.

गोधडी ऊब कोठून आणते?

'गोधडी ऊब देते' असे आपण सहज म्हणतो. तिच्यात ऊब असेल तर ती तापमापीला कळायला हवी. एक साधा प्रयोग करा. खोलीत घडी करून ठेवलेल्या, कोणीही पांघरलेल्या नसलेल्या गोधडीच्या मधोमध तापमापी सरकवा. दुसरी तापमापी खोलीतच सावलीत टांगा. एका तासाने दोन्ही वाचा. दोघींचा आकडा जवळजवळ सारखाच दिसेल. म्हणजे गोधडी स्वतः मुळीच गरम नसते. गार गोधडीत शिरताना पहिली दोनचार मिनिटे हुडहुडी भरते, ती याचमुळे.

आता दुसरा प्रयोग. बर्फाचे सारख्या आकाराचे दोन तुकडे घ्या आणि ते दोन लहान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधा. एक पिशवी ताटलीत उघडी ठेवा. दुसरी गोधडीत नीट गुंडाळा. कोणता बर्फ आधी वितळेल? वर्गात हा प्रश्न विचारला तर बरेच हात 'गोधडीतला' या उत्तरासाठी वर होतात. गोधडी 'गरम' असते ना! प्रत्यक्षात उघड्यावरचा बर्फ आधी वितळतो आणि गोधडीतला कितीतरी वेळ टिकतो.

यात चमत्कार काहीच नाही. बर्फवाला बर्फाच्या लादीवर लाकडाचा भुसा घालून वर पोते टाकतो, तेही याच कारणाने. १८३३ साली अमेरिकेतील बॉस्टनहून 'टस्कनी' नावाच्या जहाजातून कोलकात्याला बर्फ आला. शिडाच्या जहाजाचा तो प्रवास चार महिन्यांचा होता आणि त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागले. तरीही निघालेल्या सुमारे १८० टनांपैकी १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. जहाजाच्या पोटात त्या बर्फाला जणू गोधडीच पांघरली होती.

यावरून एक गोष्ट पक्की झाली. गोधडी उष्णता निर्माण करीत नाही. ती उष्णतेची वाट अडवते. आत ऊबदार शरीर असेल तर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आत बर्फ असेल तर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. ऊब आपल्याच अंगाची असते. गोधडी तिची राखणदार.

राखण करते ती हवा

मग ही राखण नेमके कोण करते? कापड? कापूस? की आणखी काही?

हाच प्रश्न बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, या शास्त्रज्ञाला पडला होता. त्याने एका काचेच्या नळीत तापमापी बसवली. तापमापीचा फुगा आणि नळीची काच यांच्यामध्ये जी पोकळी राहिली तिच्यात तो दर खेपेला वेगळा पदार्थ भरी : कधी कापूस, कधी लोकर, कधी रेशीम, कधी सशाची लव, कधी बदकाची मऊ पिसे. मग ती नळी उकळत्या पाण्यात तापवून बर्फात ठेवायची आणि तापमापी ठरावीक अंशांपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. हे प्रयोग त्याने १७९२ साली प्रसिद्ध केले.

पोकळीत नुसती हवा असताना लागलेल्या वेळापेक्षा कापूस भरल्यावर दुपटीच्या जवळपास वेळ लागला. बदकाच्या मऊ पिसांना दुपटीहूनही अधिक लागला. पण खरी गंमत पुढे आहे. रम्फर्डने मोकळे, न कातलेले रेशीम भरले, आणि मग तेवढ्याच वजनाचे पीळ घातलेले रेशमी दोरे भरले. पदार्थ तोच आणि वजनही तेच. तरी दोऱ्यांची नळी पुष्कळ लवकर गार झाली! याचा अर्थ, महत्त्व पदार्थाला कमी आणि त्याच्या पिंजलेपणाला जास्त. बारीक तंतूंच्या जाळ्यात जी हवा अडकून पडते तीच राखण करते.

हवा हे काम कसे करते ते समजण्यासाठी उष्णतेच्या प्रवासाचे तीन मार्ग आठवा : वहन, अभिसरण आणि प्रारण. वहनाच्या बाबतीत हवा फार आळशी आहे. पाणी हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेते, आणि लोखंड तर तीन हजार पटींहून अधिक. मात्र हवेला एक खोड आहे. ती मोकळी असली की तापून वर जाते आणि तिची जागा गार हवा घेते. हे झाले अभिसरण. असे होऊ लागले की तिचा आळशीपणा आपल्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून तिला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवावे लागते. कापसाचे तंतू, लोकरीचे कुरळे केस आणि कापडाचे एकावर एक थर हे कोंडण्याचेच काम करतात.

आता आजीच्या कामाकडे पाहा

गोधडी घालताना (आपल्याकडे गोधडी शिवतात असे म्हणतात, तसेच घालतात असेही म्हणतात) आधी जमिनीवर एक जुने सुती लुगडे किंवा साडी पसरतात. तिच्यावर जुनी धोतरे, साड्या, फाटक्या कपड्यांचे चांगले उरलेले तुकडे यांचे थर लावतात. प्रत्येक थर हाताने सपाट करतात. वरून पुन्हा एक चांगले लुगडे. कडा आत दुमडून कच्चे टाके घालतात. मग धावदोऱ्याने कडेकडेने शिवत चौकोनात चौकोन करीत मधल्या भागाकडे येतात.

या प्रत्येक पायरीमागे कारण आहे. जुनेच कापड का? अनेक धुण्यांनी सुती कापडातील खळ निघून गेलेली असते, कापड मऊ पडते आणि अंगाला बिलगते. बिलगल्यामुळे कडेने गार वारा आत शिरत नाही. एकच जाड कापड का नाही? कारण दोन थरांमध्ये हवेचा एक पातळ पापुद्रा राहतो आणि जितके थर तितके पापुद्रे.

टाक्यांचे गणितही मोठे नाजूक आहे. टाके फार लांब घातले तर थर आतल्या आत सरकतात, गोळे होतात आणि काही जागी नुसते दोनच थर उरतात. टाके फार घट्ट ओढले तर प्रत्येक टाक्यापाशी थर दाबले जातात, हवा निघून जाते आणि तिथून उष्णता निसटते. कापूस भरलेल्या दुलईत तर शिवणीच्या ओळींवर जाडी जवळजवळ नाहीशीच होते. म्हणून टाका थराला धरून ठेवील इतका पक्का, पण त्याला चिरडणार नाही इतका सैल हवा. हे आजीने पुस्तकात वाचलेले नसते. तिच्या बोटांना ते ठाऊक असते.

पूर्वी दर काही वर्षांनी पिंजारी दारावर येई आणि दबून गेलेला कापूस धनुकलीच्या तातीवर पुन्हा पिंजून देई. कापूस तोच, वजन तेच, पण दुलई पुन्हा ऊबदार होई. रम्फर्डच्या नळीतील रेशीम आठवले ना?

गोधडीला ऊन दाखवतात त्याचेही कारण आता तुम्हीच सांगू शकाल. दमट गोधडीत हवेच्या काही कप्प्यांची जागा पाण्याने घेतलेली असते आणि पाणी तर हवेच्या २४ पट उष्णता पळवते. शिवाय ते पाणी वाळण्यासाठीही आपल्याच अंगाची उष्णता घेते.

थोडा हिशेब

गोधडी किती जाड हवी? वहनाचे सूत्र असे आहे :

दर सेकंदाला जाणारी उष्णता = वहनता × क्षेत्रफळ × तापमानांतील फरक ÷ जाडी

पिंजलेल्या कापसाची वहनता सुमारे ०.०४ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरू. अंगाभोवतीचे क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर. त्वचेचे तापमान ३३ अंश सेल्सिअस आणि खोलीचे १३, म्हणजे फरक २० अंश. जाडी १ सेंटीमीटर, म्हणजे ०.०१ मीटर.

०.०४ × १.५ × २० ÷ ०.०१ = १२० वॅट.

झोपलेल्या मोठ्या माणसाचे शरीर सुमारे ७५ वॅट उष्णता निर्माण करते. मिळकत ७५ आणि खर्च १२०. थंडी वाजणारच! आता जाडी २ सेंटीमीटर करा. खर्च निम्म्यावर येतो, ६० वॅट. आता मिळकत खर्चापेक्षा अधिक झाली आणि झोप लागली. हा हिशेब ढोबळ आहे. गादीतून, उघड्या चेहऱ्यातून आणि श्वासातून जाणारी उष्णता यात धरलेली नाही. पण जाडी दुप्पट झाली की गळती निम्मी होते, हे तत्त्व लक्षात ठेवा. चिमणी त्याच तत्त्वावर जगते.

चिमणीचा चेंडू

आता स्वेटर घाला आणि सूर्य उगवण्याआधी परसात चला. आवाज न करता एका जागी बसा.

कुंपणावरची चिमणी पाहा. काल दुपारी सडपातळ दिसणारी ही चिमणी आता लोकरीच्या चेंडूसारखी गोल दिसते आहे. ती रात्रीत लठ्ठ झालेली नाही. प्रत्येक पिसाच्या मुळाशी बारीक स्नायू असतात. ते आवळून तिने पिसे उभी केली आहेत. वरच्या पिसांच्या खाली तिच्या अंगाला अगदी मऊ, पिंजलेल्या कापसासारखी पिसे असतात. सगळी पिसे फुलली की हवेचा थर जाड होतो आणि जाडी वाढली की गळती कमी होते. आपल्याला गोधडीवर दुसरी गोधडी घ्यावी लागते. चिमणी आहे तीच गोधडी फुलवते.

थंडीत तुमच्या अंगावर काटा येतो ना? तोही हाच प्रकार आहे. केसाच्या मुळाशी असलेला चिमुकला स्नायू केस उभा करतो. आपल्या पूर्वजांच्या अंगावर दाट केस होते तेव्हा त्याचा उपयोग होता. आता केस विरळ झाले, पण सवय राहून गेली. काटा आलेला हात पाहाल तेव्हा चिमणीची आठवण ठेवा.

चिमणीला ही काळजी आपल्यापेक्षा अधिक का घ्यावी लागते? एक, तिच्या शरीराचे तापमान आपल्याहून जास्त, म्हणजे ४१ अंशांच्या आसपास असते. दुसरे कारण भूमितीचे आहे. १ सेंटीमीटर बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर आणि घनफळ १ घन सेंटीमीटर, म्हणजे प्रमाण ६. बाजू १० सेंटीमीटर केली तर पृष्ठफळ ६०० आणि घनफळ १०००, म्हणजे प्रमाण अवघे ०.६. उष्णता निर्माण होते ती सबंध शरीरात आणि गळते ती पृष्ठभागातून. त्यामुळे शरीर जितके लहान तितकी गळती प्रमाणाने जास्त. चेंडूसारखे गोल होण्यात चिमणीचा आणखी एक फायदा आहे : ठरावीक घनफळासाठी सर्वांत कमी पृष्ठभाग गोलाचाच असतो.

उघडे राहतात ते पाय आणि चोच. म्हणून झोपताना पक्षी चोच पाठीच्या पिसांत खुपसतात आणि पुष्कळदा एक पाय पोटाशी ओढून घेतात. पायांकडे जाणाऱ्या गरम रक्ताच्या नळ्या आणि परत येणाऱ्या गार रक्ताच्या नळ्या शेजारीशेजारी असतात. जाणारे रक्त आपली उष्णता येणाऱ्या रक्ताला वाटेतच देऊन टाकते. त्यामुळे पाय गार राहतात, पण शरीराची ऊब शरीरातच राहते.

सकाळभर पक्षी चोचीने पिसे विंचरताना दिसतील. शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतील तेल ते पिसांना लावतात. पिसे नीट बसलेली आणि कोरडी राहिली तरच हवा टिकते. आजी गोधडीला ऊन दाखवते, तसेच हे.

परसातले इतर शेजारी

आता विजेच्या तारेकडे पाहा. हिरवे, सडपातळ वेडे राघू एकमेकांना खेटून ओळीने बसलेले असतील. हे पक्षी थंडीत उशिरा कामाला लागतात. सूर्य वर आला तरी काहींच्या चोची पाठीत खुपसलेल्या असतात. खेटून बसल्याने मधल्या पक्ष्याच्या दोन्ही बाजू झाकल्या जातात. उघडा पृष्ठभाग कमी, गळती कमी. एका गोधडीत तीन भावंडे झोपली की ऊब वाढते, ती अशीच.

कपड्यांच्या दांडीवर वाळत घातलेल्या दुलईची शिवण उसवलेली असेल तर एखादी खार तिथून कापूस ओढून नेताना दिसेल. काथ्या, चिंध्या, कापूस असे जे मऊ मिळेल ते नेऊन ती घरट्याला अस्तर लावते. शिंपी पक्षी तर नावाप्रमाणेच शिवणकाम करतो. रुंद पानाच्या कडांना चोचीने भोके पाडून त्यांतून कोळ्याच्या जाळ्याचे किंवा वनस्पतीचे धागे ओवतो, पानाचा द्रोण करतो आणि आत कापूस भरतो. बाहेर पान, आत कापूस : पिलांसाठी केलेली दुलईच ती! वीण हंगाम उलटून गेला की अशी रिकामी घरटी कधी कधी झुडपात सापडतात. ती पाहा, पण काढू नका.

कुंपणाच्या दगडावर शेपटी थरथरवणारा एक पाहुणा दिसला तर तो थिरथिरा. हा उन्हाळ्यात हिमालयात आणि त्यापलीकडच्या प्रदेशात असतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. तो थंडीला भिऊन पळाला असे म्हणणे पुरते खरे नाही. पिसांची गोधडी त्याच्याजवळही आहे. पण त्याच्या मुलखात हिवाळ्यात किडे मिळेनासे होतात. शरीराच्या भट्टीत इंधनच नसेल तर गोधडी काय राखणार? म्हणून तो अन्नाच्या मागे येतो.

आणि हा बघा सरडा. ऊन पडताच दगडावर अंग पसरून बसला आहे. आता एक प्रश्न : सरड्याला गोधडीत गुंडाळले तर त्याला ऊब मिळेल का? विचार करून मगच पुढे वाचा.

नाही मिळणार. सरडा स्वतःच्या शरीरात फारच थोडी उष्णता निर्माण करतो. राखायलाच काही नसेल तर राखणदार निरुपयोगी. उलट गोधडी उन्हाला अडवील आणि सरडा गारच राहील. आत बर्फ होता तेव्हा जे झाले तेच इथे होईल. फुलपाखरेही सकाळी पंख पसरून उन्हाला बसतात. उडण्याचे स्नायू पुरेसे तापल्याशिवाय त्यांना भरारी घेता येत नाही. ज्याचे हे उत्तर बरोबर आले त्याला गोधडी समजली असे खुशाल समजावे.

रात्रीचे आभाळ, झाडे आणि पाचोळा

निरभ्र रात्री जास्त थंडी का पडते? जमीन रात्रभर आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे सोडत असते. ढग असतील तर ते त्यातील बरीच उष्णता शोषून पुन्हा खाली पाठवतात. आभाळ स्वच्छ असेल तर ही गोधडी नसते. गवताची पाती तर भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. म्हणूनच महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी काही हिवाळ्यांत दव गोठून हिमकण दिसतात, आणि तेही हवेचे तापमान शून्याच्या वर असताना.

पक्षी रात्री दाट झाडात का शिरतात ते आता कळेल. आंब्याची किंवा चिंचेची दाट पाने वाऱ्याला अडवतात आणि उघड्या आकाशालाही झाकतात. जमिनीवरचा पाचोळा हेच काम मातीसाठी करतो. ऊस तोडल्यावर शेतात पाचटाचे आच्छादन ठेवतात तेव्हा जमिनीला गोधडीच मिळते. पाचोळ्याच्या थरांत किडे, कोळी, गोगलगायी आसरा घेतात आणि त्यांच्याच शोधात दयाळ आणि सातभाई तो उलथापालथा करीत फिरतात. दर रविवारी परसातला सगळा पाचोळा जाळणाऱ्या घरी हे पाहुणे कमीच येणार. निदान एक कोपरा तरी राखून ठेवा.

हे करून पाहा

१. गोधडीची परीक्षा. एकसारखे पाच स्टीलचे पेले घ्या. पहिला उघडा ठेवा. दुसऱ्याला एक जाड कापड घट्ट गुंडाळा. तिसऱ्याला जुन्या साडीचे सहा थर सैलसर गुंडाळा. चौथ्याला दोन थरांमध्ये पिंजलेला कापूस घालून गुंडाळा. पाचव्याला चौथ्यासारखेच आवरण, पण ओले करून. प्रत्येकात सुमारे ६० अंशांचे २०० मिलिलिटर पाणी ओता आणि पुठ्ठ्याचे झाकण ठेवा. झाकणाला तापमापीपुरते भोक असावे. अर्धा तास दर पाच मिनिटांनी तापमान लिहा आणि पाच रेषांचा आलेख काढा. गरम पाणी मोठ्यांच्या देखरेखीखालीच ओता. अपेक्षेविरुद्ध आकडा आला तर खोडू नका. तो तसाच लिहा आणि कारण शोधा.

२. थंडीची नोंदवही. महिनाभर रोज एकाच वेळी, एकाच जागी दहा मिनिटे बसा. तापमान, वारा, आभाळ स्वच्छ की ढगाळ, दिसलेले पक्षी आणि त्यांपैकी पिसे फुलवून बसलेले किती, हे लिहा. महिन्याअखेर तापमान आणि फुललेल्या पक्ष्यांचे प्रमाण यांचा आलेख काढा.

३. दोन तापमाप्या. सूर्योदयापूर्वी एक तापमापी उघड्या जागी गवतावर आणि दुसरी दाट झाडाखाली ठेवून वाचा. आठवडाभर फरक नोंदवा.

४. वर्गाचे दुपटे. प्रत्येकाने घरून जुन्या सुती कापडाचा एक तुकडा आणावा. आजी, आई किंवा शेजारच्या काकूंकडून धावदोरा शिकावा आणि सगळ्यांनी मिळून एक दुपटे शिवावे. मुलगे व मुली दोघांनीही सुई हाती घ्यावी. शिक्षकांना विनंती, की पहिल्या प्रयोगातील निकाल पाहून थर किती घालायचे आणि टाका किती सैल ठेवायचा, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.

शिवताना एक काळजी न विसरता घ्या. उरलेले दोऱ्यांचे लांब तुकडे अंगणात टाकू नका. पक्षी ते घरट्यासाठी उचलतात, ते त्यांच्या किंवा पिलांच्या पायांना गुंडाळले जातात आणि पाय कायमचा निकामी होतो. नायलॉनचा दोरा कुजत नाही, म्हणून तो अधिकच वाईट. संक्रांतीच्या सुमारास झाडांत अडकलेला नायलॉनचा मांजा तर पक्ष्यांचे पंखच कापतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली अशा मांजावर देशभर बंदी घातली, पण झाडांत लटकलेला दोरा कायदा वाचत नाही. दोऱ्याचे तुकडे डबीत गोळा करा. परसातला हाती लागणारा मांजा मोठ्यांच्या मदतीने काढून टाका.

परसात उथळ भांड्यात रोज ताजे पाणी आणि मांजर पोचणार नाही अशा जागी मूठभर बाजरी किंवा तांदळाच्या कण्या ठेवा. गोधडी चिमणीजवळ आहे. भट्टीला इंधन तेवढे आपण देऊ शकतो.

विचार करा

१. दोन पातळ स्वेटर एका जाड स्वेटरपेक्षा कधी कधी अधिक ऊबदार का वाटतात?
२. सकाळी ओली गोधडी वाळत घातली असता तिच्यावर हात ठेवल्यास ती हवेपेक्षा गार का लागते?
३. रेड्याला आणि उंदराला सारख्याच जाडीची गोधडी दिली तर प्रमाणाने जास्त उष्णता कोणाची गळेल?
४. पावसात भिजलेला पक्षी आधी अंग झटकतो. का?
५. उन्हाळ्यात माठाला ओले फडके गुंडाळतात, कोरडी गोधडी का नाही?

या थंडीत रात्री गोधडी अंगावर ओढाल तेव्हा क्षणभर थांबा. आजीच्या जुन्या लुगड्याच्या दोन थरांमध्ये जी हवा आहे, तीच या क्षणी कण्हेरीवरच्या चिमणीच्या पिसांतही आहे. आजीने ती टाक्याटाक्याने कोंडली, चिमणीने पिसे फुलवून कोंडली. सकाळी दोघींनाही भेटा. आजीकडून टाका शिका, आणि चिमणीची नोंद वहीत करा.